पाच सेकंदांची ढोलकी

प्रश्न : आम्ही परभणीची चार पोरं. रॅपचा पहिला अल्बम काढतोय, आठ गाणी झालीत. एका गाण्याच्या सुरुवातीला मामाकडच्या जुन्या कॅसेटवरचा भीमगीताचा तुकडा घेतलाय. एक ओळ अन् ढोलकी, जेमतेम पाच सेकंद. तो काढला तर गाण्यात जीवच राहत नाही. कॅसेट कंपनी कधीच बंद पडली. मित्र म्हणतो, सात सेकंदांच्या आत असलं की चालतं. खरंय का, सर?

उत्तर : नाही. हा सात सेकंदांचा नियम लग्नाच्या शूटिंगवाल्यांपासून कीर्तनाच्या चॅनेलवाल्यांपर्यंत सगळे छातीठोक सांगतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तो कुठंच नाही. कंपनी बंद पडली म्हणून हक्कही मरत नाही. त्यातून पाच सेकंदांत निदान दोन हक्क आहेत. ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि शब्दांचा गीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. ओळ वामनदादा कर्डकांची निघाली, तर दादा २००४ साली गेले. म्हणजे २०६४ संपेपर्यंत थांबा.

तुमच्यासारखीच रॅप करणारी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची तीन पोरं, गटाचं नाव डे ला सोल. त्यांचा पहिला अल्बम, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', १९८९ साली आला. निर्माता प्रिन्स पॉलच्या साथीनं जुन्या रेकॉर्डींचे ढीगभर तुकडे जोडून केलेला, मधेमधे गेम शोचा धिंगाणा. ऐकाच. त्यात मिनिटभराचा एक तुकडा आहे, धड गाणंही नाही. 'द टर्टल्स' या बँडची रेकॉर्ड संथ करून लावलीय आणि वर फ्रेंच शिकवणारी तबकडी. टर्टल्सवाल्यांनी दावा ठोकला. कोर्टाबाहेर पैसे मोजून मिटवावा लागला.

मला जास्त लागतं ते पुढचं. ज्या तुकड्यांची रीतसर परवानगी होती, तिचे कागदही रेकॉर्ड-कॅसेटच्या काळातल्या भाषेत लिहिलेले, इंटरनेट त्यात बसेना. गाणी इंटरनेटवर आली, हा अल्बम मात्र बाहेरच. मार्च २०२३ मध्ये तो चढला, आणि तिघांतला ट्रुगॉय फेब्रुवारीतच वारला.

तेव्हा कॅसेटचा तुकडा काढा. ओळ ठेवायची असेल तर गीतकाराच्या वारसांना भेटा. फोनवरच्या 'घ्या की पोरांनो'वर भागवू नका, लिहून घ्या. यूट्यूब, रील, सगळी डिजिटल माध्यमं नावानिशी यायला हवीत. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. भीमगीताच्या जागी गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंग टाका, त्याला परवानगी लागत नाही, असं सांगणारे भेटतील. शब्दांपुरतं ते खरंय. पण तुमचं गाणं ज्या ओळीवर उभं आहे, ती अशी बदलून कशी चालेल?

आता ढोलकी. तुम्हाला भावलाय तो तिचा फाटलेला आवाज. गाणारा आणि ढोलकी एकाच माइकवर, लेव्हलचा काटा लालमध्ये. ते घरीही जमतं. मामांना गायला बसवा, ढोलकीवाला हातभर अंतरावर, मधे एकच माइक. मग ते जुन्या टेपरेकॉर्डरवर जरा जास्तच आवाजात भरा आणि तिथून परत कॉम्प्युटरवर घ्या. कॅसेट जितकी घासलेली तितकं बरं. परभणीत ढोलकीवाला मिळत नाही, असं मात्र मला सांगू नका.

आणि त्याची बिदागी त्याच दिवशी द्या, कागदावर सही घ्या. मामांचीही.