कॉपरवाला एस. जी. माल वेल्डिंगला का फुटतो?

तुमचा प्रश्न वाचला. गुऱ्हाळाच्या चरकाच्या बेअरिंग हाउसिंगचा कान तुटला, निकेल रॉडनं जोडला, तरी वेल्डच्या कडेनं परत तडा गेला. फाउंड्रीवाला म्हणतो, "कॉपर घातलेला स्ट्राँग माल आहे." तो खोटं बोलत नाही. पण ज्यानं माल स्ट्राँग झाला, त्यानंच तुमचा वेल्ड फुटला.

एस. जी. (स्फेरॉइडल ग्राफाइट) बिडामध्ये ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, गोळ्यांच्या रूपात असतं, ते मॅग्नेशियममुळं. पण ताकद ठरते गोळ्यांच्या भोवतीच्या धातूवर. तिथं फेराइट (मऊ लोखंड) असलं तर ४००/१५, म्हणजे ४०० मेगापास्कल ताकद आणि १५ टक्के ताण (तुटण्याआधी माल किती लांबतो ते). कॉपर किंवा चिमूटभर कथील घातलं की परलाइट (कार्बन असलेली कडक रचना) वाढतं आणि माल ६००/३, ७००/२ कडे जातो. ताकद आली, ताण गेला.

आता आर्क लावल्यावर काय होतं बघा. फेराइटमध्ये कार्बन जवळजवळ नसतोच. तो गोळ्यांतून विरघळून बाहेर यायला वेळ लागतो. कमी अँपिअरवर पटकन काम उरकलं तर कडकपणा गोळ्यांच्या कडेपुरताच राहतो. परलाइटमध्ये मात्र कार्बन आधीच सगळीकडं पसरलेला. गरम होऊन झटकन थंड झालं की वेल्डशेजारी मार्टेन्साइटचा (फार कडक, ठिसूळ रचनेचा) सलग पट्टा तयार होतो, आणि जिथं बेस मेटल वितळलं तिथं पांढरं बीड (ग्राफाइटऐवजी कार्बाइड असलेलं ठिसूळ ओतीव लोखंड). ग्राइंडिंग करून कानस फिरवा: निकेलवर ती धरते, जोडाच्या रेषेवर काचेवरून जावी तशी घसरते. तडा तिथूनच जातो. रॉडचा दोष नाही.

कॉपर निदान कार्बाइड (धातू आणि कार्बनचं कडक, ठिसूळ संयुग) तरी करत नाही. मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम हे गोळ्यांच्या मधल्या जागेत, शेवटी गोठणाऱ्या धातूत साचतात आणि तिथं कार्बाइड धरतात. भंगारातून आलेलं क्रोमियम तर कुणी मुद्दाम घातलेलंही नसतं. सिलिकॉन उलट, फेराइटच मजबूत करतं. फार झालं तर माल ठिसूळ होतो एवढंच.

म्हणून आधी स्पेक्ट्रो (मालात काय काय किती आहे याची तपासणी) करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत विचारलंत तर सोय होईल. परलाइटचा माल निघाला तर सगळं हाउसिंग ३०० अंशांपर्यंत सावकाश तापवा, नुसता कान नको. त्याआधी मुरलेलं ऑइल जाळून काढा, नाहीतर वेल्डला छिद्रांची जाळी पडणार. तडा पूर्ण खोदून काढा. रॉड ५५ टक्के निकेलचा घ्या, एस. जी.ला ९९ टक्केवाल्यापेक्षा तो ताकदीला बरा, शिवाय स्वस्त. लहान लहान रन, प्रत्येक रन गरम असतानाच हलका पीन करायचा (हातोडीनं ठोकायचा), आणि शेवटी कोरड्या चुन्यात किंवा राखेत गाडून ठेवायचं. भट्टीची सोय असेल तर ९०० अंशांला अनील करून भट्टीतच थंड करा. कार्बाइड मोडतं, पण परलाइटही जातं, म्हणजे ६०० चा माल ४०० च्या जवळ येतो. कान जाड असेल तर चालतंय.

ए. डी. आय. (ऑस्टेम्पर केलेलं, म्हणजे खास उष्णता-प्रक्रिया दिलेलं एस. जी.) निघाला तर मात्र आर्क लावूच नका. ती रचना वितळलेल्या मिठाच्या बाथमध्ये बनवलेली असते, वेल्डच्या उष्णतेनं तिथंच मोडते.

रिपोर्टमध्ये क्रोमियम ०.१ टक्क्याच्या वर दिसलं तर मी असल्या जड भाराच्या कानावर रॉड वाया घालवणार नाही. सीझन तोंडावर आलाय. नवीन कास्टिंग सांगा, कान थोडा जाड करून ५००/७ मध्ये, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.