मध्यरात्री घर फोडलं, आईच्या खोलीला बाहेरून कडी लावली. ही घरफोडी की जबरी चोरी?

तुम्ही लिहिलंय की चोरट्यांनी रात्री दाराचं लॅच उचकटलं आणि कपाटातले दागिने नेले. आई आतल्या खोलीत झोपली होती. तिच्या दाराला त्यांनी बाहेरून कडी लावली. आवाजाने ती जागी झाली, दार ठोठावत राहिली, पण बाहेर येऊ शकली नाही. ‘कोणाला मारलं नाही, धमकावलं नाही, म्हणजे जबरी चोरी नाही,’ असं पोलीस म्हणाले. हे बरोबर आहे का?

मी फौजदारी खटले चालवतो. माझ्या मते पोलिसांनी लावलेली घरफोडीची आणि चोरीची कलमं बरोबर आहेत, पण अपुरी आहेत. तुम्ही ओघात सांगितलेली ती कडीच इथे सर्वांत महत्त्वाची आहे.

किती ऐवज गेला किंवा दार किती तोडलं, यावर चोरी आणि जबरी चोरीतला फरक ठरत नाही. दारावर कितीही घाव घातले तरी ती जबरी चोरी होत नाही. माणसाला काय केलं, हे कायदा पाहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ नुसार चोरी करण्यासाठी, करताना किंवा चोरलेला माल नेताना, आणि त्याच हेतूने, एखाद्याला इजा केली, त्याची वाट अडवली, किंवा मरणाची, इजेची वा अडवून ठेवण्याची तत्काळ भीती घातली किंवा यातलं काही करण्याचा प्रयत्न केला, तर ती चोरी जबरी चोरी होते. पूर्वीच्या दंड संहितेतलं कलम ३९० हेच सांगत होतं. म्हणजे अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही. आईला खोलीबाहेर येण्याचा हक्क होता आणि चोरी निर्धास्त करता यावी म्हणून तिला कोंडलं गेलं. हा बेकायदा अटकाव आहे, म्हणून कलम ३०९ही लागायला हवं.

‘त्याच हेतूने’ हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो. पाठलाग होताच चोराने माल टाकून दिला आणि निव्वळ सुटका करून घेण्यासाठी दगड मारला, तर दुखापतीचा गुन्हा वेगळा होतो, पण जबरी चोरी होत नाही. मालाची पिशवी हातात असताना, ती नेता यावी म्हणून मारला, तर होते.

आता घरफोडीबद्दल. तिला हलकी समजू नका. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चोरीसाठी घर फोडलं तर कलम ३३१(४) खाली चौदा वर्षांपर्यंत. साध्या जबरी चोरीची कमाल मर्यादा दहा वर्षं आहे. इजा केली तर जन्मठेपेपर्यंत जाते. त्यामुळे तुमची तक्रार दडपली गेली असं मला वाटत नाही. (जुनी एफआयआर पाहिलीत तर याच गुन्ह्यांसाठी दंड संहितेतली ४५७ आणि ३८० ही जोडी दिसेल; आकडे १ जुलै २०२४ पासून बदलले.) घर फोडणं म्हणजे तोडफोडच असंही नाही. सापडलेल्या किल्लीने कुलूप उघडून आत शिरणं किंवा भिंत चढून येणं हेही त्यातच मोडतं.

दरोडा वेगळा. जबरी चोरीत पाच किंवा जास्त जण असले, बाहेर उभं राहून मदत करणारे धरून, तरच कलम ३१० लागतं. आईला किती आवाज ऐकू आले, हे म्हणूनच तिला शांतपणे आठवू द्या. मात्र आकडा तिच्या तोंडी घालू नका. उलटतपासणीत तो टिकत नाही आणि मग तिचं बाकीचं खरं बोलणंही संशयास्पद ठरतं.

तपास अधिकाऱ्यांकडे आईचा पुरवणी जबाब नोंदवण्याची लेखी मागणी करा. कडी केव्हा लागल्याचं कळलं, ती किती वेळ अडकली होती, बाहेर तेव्हा चोर होते का, कडी कोणी उघडली, हे सगळं त्यात येऊ द्या. पंचनाम्यात कडीचा उल्लेख आहे का तेही पाहा. तपासात कलम वाढवता येतं, आणि पुढे निकालापूर्वी न्यायालयही दोषारोप बदलू शकतं. दाद मिळाली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतली नसेल तर आधी घ्या.

दागिन्यांचा विमा असेल तर पॉलिसीतली घरफोडीची व्याख्या आजच वाचा. कंपनी फौजदारी कायद्यावर नव्हे, त्या व्याख्येवर बोट ठेवते. हरचंद राय चंदनलाल या विमा दाव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच सांगितलं: पॉलिसीत बळाचा वापर ही अट असेल तर नुसत्या चोरीवर दावा मंजूर होत नाही. उचकटलेल्या लॅचचे फोटो काढा, आणि पंचनामा होऊन फोटो निघेपर्यंत ते दुरुस्त करू नका.