२५ वॅटच्या फोनला ८० वॅटचा ॲडाप्टर का पुरत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचीही सोय होईल. तुम्ही सॅमसंग गॅलॅक्सी ए५५ घेतला, जास्तीत जास्त २५ वॅटने चार्ज होणारा. खोक्यात केबल निघाली, ॲडाप्टर नाही. मुलाच्या वनप्लसचा ८० वॅटचा ॲडाप्टर लावून पाहिला तर फोन रखडत रखडत चार्ज झाला. अकोल्यातला दुकानदार म्हणतो, ६५ वॅटचा घ्या, फोन पळेल. शेजारचे काका म्हणतात, एवढ्या दांडग्या ॲडाप्टरने बॅटरी फुगेल. आता ऐकायचं कोणाचं?

काकांचं चूक आहे. दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. आणि वनप्लसच्या ॲडाप्टरमध्ये काही बिघाड नाही, तो निर्दोष आहे.

आधी काकांची भीती. ॲडाप्टर फोनमध्ये वीज कोंबत नाही, फोन मागेल तेवढीच घेतो. पंगतीत वाढप्याच्या हातात केवढीही मोठी बादली असली तरी पानावर बसलेला माणूस हात आडवा करून ‘पुरे’ म्हणतो, तसंच हे. २५ वॅटच्या फोनला १०० वॅटचा चांगला ॲडाप्टर लावला तरी फोन जास्तीत जास्त २५ वॅटच ओढणार. किती घ्यायचं हे ठरवणारी यंत्रणा फोनच्या आत असते. त्यामुळे मोठ्या आकड्याला घाबरू नका. वाईट बनावटीला मात्र जरूर घाबरा, त्याबद्दल खाली लिहितो.

आता वनप्लस. या वाढप्याची बादली मोठी आहे, पण त्याची भाषा वेगळी आहे. केबल लावल्याक्षणी फोन आणि ॲडाप्टर यांच्यात बोलणी होतात. सुरुवात नेहमी ५ व्होल्टने होते, कारण ते कुठल्याही फोनला चालतं. त्याहून जास्त द्यायचं तर दोघांना एकमेकांचं बोलणं कळावं लागतं. वनप्लस, ओप्पो आणि रिअलमी यांची ‘व्हूक’ घराण्यातली स्वतःची बोली आहे. ओप्पोने ती २०१४ मध्ये आणली. सॅमसंगला ती कळत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये असाच एक ८० वॅटचा ॲडाप्टर आहे. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत: ५ व्होल्ट २ अँपिअर, आणि ५ ते ११ व्होल्ट ७.३ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दुसरी ओळ आहे ८० वॅटची, पण ती फक्त घरच्या माणसांसाठी. परक्याच्या पानात पडते पहिली ओळ, म्हणजे १० वॅट. तुमच्याकडच्या ॲडाप्टरवर मधली एखादी ओळ असेल तर १५-१८ वॅटपर्यंत मजल जाईल, पण २५ ची आशा सोडा. उलट बाजूनेही हेच होतं. सॅमसंगचा ॲडाप्टर मुलाच्या फोनला लावलात तर तो चार्ज होईल, पण ८० वॅटचा थाट दिसणार नाही. किती मिळेल ते त्याच्या मॉडेलवर अवलंबून.

तुमच्या फोनची भाषा आहे यूएसबी पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी. ही कुठल्या एका कंपनीची नाही, सगळ्यांसाठी खुली आहे. आयफोन, पिक्सेल, सॅमसंग आणि टाइप-सीवर चालणारे बहुतेक लॅपटॉप हीच बोलतात. पीडीत ॲडाप्टर आधी यादी वाचून दाखवतो, माझ्याकडे ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे. फोन त्यातलं एक निवडतो. इथपर्यंत सोपं आहे. सॅमसंगची गोम पुढे आहे. त्यांच्या २५ वॅटला नुसतं पीडी पुरत नाही, पीडीच्या आतलं ‘पीपीएस’ लागतं. साध्या पीडीत व्होल्टेज ठरलेल्या पायऱ्यांवर उभं असतं. पीपीएसमध्ये फोन सतत सांगत राहतो की आता ८.२ दे, आता ८.४ दे, आणि ॲडाप्टर ०.०२ व्होल्टच्या टप्प्यांनी वरखाली होतो.

एवढा खटाटोप कशाला, तर उष्णतेसाठी. बॅटरीला हवं असतं ४ व्होल्टच्या आसपास. बाहेरून कायम ९ व्होल्ट येत राहिले तर ते उतरवायचं काम फोनच्या पोटात होतं आणि त्यात फोन तापतो. बॅटरीला जेवढं हवं त्याच्या नेमकं दुप्पट व्होल्टेज ॲडाप्टरने दिलं, तर फोनला फक्त निम्मं करायचं उरतं. ते काम फार कमी उष्णतेत होतं. बाकीची डोकेदुखी भिंतीवरच्या ॲडाप्टरने घेतली, आणि तो तापला तर तापू दे, त्याच्यात बॅटरी नाही!

म्हणून दुकानात गेल्यावर खोक्यावरचा ठळक आकडा झाकून ठेवा आणि ॲडाप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, मीही तेच करतो. आउटपुटच्या पुढे पीपीएस हा शब्द हवा, किंवा ‘३.३ ते ११ व्होल्ट’ अशी एक पट्टी दिलेली हवी. सॅमसंगच्या स्वतःच्या २५ वॅटच्या ॲडाप्टरवर ९ व्होल्ट २.७७ अँपिअर, ५ व्होल्ट ३ अँपिअर, आणि पीपीएसखाली ३.३ ते ५.९ व्होल्ट ३ अँपिअर, ३.३ ते ११ व्होल्ट २.२५ अँपिअर असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर ११ व्होल्टच्या पट्टीपुढे २.२५ अँपिअर किंवा त्याहून जास्त आहे ना, एवढं पाहा. नुसतं ५, ९ आणि १२ व्होल्ट लिहिलेलं असेल आणि पट्टी नसेल, तर तुमचा फोन ‘फास्ट’वर थांबेल, ‘सुपर फास्ट’ला, म्हणजे २५ वॅटला, जाणार नाही.

एक झटपट परीक्षा सांगतो. ॲडाप्टरचं भोक जुन्या पद्धतीचं चपटं चौकोनी असेल तर लगेच खाली ठेवा. पीडीची भाषा टाइप-सीच्या लंबगोल भोकातूनच चालते. ‘क्विक चार्ज ३.०’ असं अभिमानाने लिहिलेले चौकोनी भोकाचे ॲडाप्टर अजूनही भरपूर मिळतात. ते वाईट नाहीत, तुमच्या फोनसाठी जुने झालेत इतकंच.

आता दुकानदाराचे ६५ वॅट. पीपीएस असलेला ६५ वॅटचा ॲडाप्टर असेल तर तो तुमच्या फोनला चांगला चालेल, पण २५ वॅटच्या ॲडाप्टरपेक्षा एक मिनिटही लवकर भरणार नाही. पैसे वाया गेले का? घरात टाइप-सीवर चालणारा लॅपटॉप असेल तर नाही गेले. मग २० व्होल्ट ३.२५ अँपिअर ही ओळही असलेला गॅन प्रकारचा ॲडाप्टर घ्या. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. सिलिकॉनऐवजी ते वापरलं की ॲडाप्टर लहान होतो आणि कमी तापतो, म्हणून ६५ वॅटचा ठोकळा हल्ली खिशात मावतो. दोन-तीन भोकांचा घेणार असाल तर दोन्ही भोकं वापरात असताना वाटणी कशी होते तेही खोक्यावर वाचा. बऱ्याच ठिकाणी ६५ चे ४५ अधिक २० होतात. काहींमध्ये दुसरी केबल खुपसताच दोघांना मिळून १५ वॅट उरतात आणि मग ‘ॲडाप्टर खराब निघाला’ अशा तक्रारी येतात. दुसरी केबल लावली की पहिल्या फोनचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा सुरू होतं, तेही नेहमीचंच, कारण बोलणी नव्याने करावी लागतात. नुसत्या फोनसाठीच हवा असेल तर २५-३० वॅटचा पुरे.

आणि वॅट दुप्पट केले की वेळ निम्मा होतो, हा हिशेब डोक्यातून काढा. तुमची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे साधारण १९ वॅट-तास. २५ वॅटने ती पाऊण तासात भरायला हवी, पण प्रत्यक्षात सव्वा तासाच्या पुढेमागे लागतो. रिकाम्या एसटीत पहिले तीस जण भराभर चढतात, शेवटच्या पाच जणांना सरका-सरका करत घ्यावं लागतं. बॅटरीही निम्म्याच्या थोडं पुढे गेली की फोन हळूहळू करंट कमी करत नेतो. शेवटचे दहा टक्के तर कुठल्याही ॲडाप्टरने रेंगाळतातच. घाईत असाल तर ७०-८० ला काढून निघा.

केबलचं फार लांबवत नाही. खोक्यात आलेली सी टू सी केबल तुमच्या २५ वॅटला व्यवस्थित पुरते. चांगली साधी सी टू सी केबल ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त लागत असेल, किंवा पुढेमागे सॅमसंगचा ४५ वॅटचा फोन घेतलात, तर ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक चिप असते, जी ‘मी ५ अँपिअर झेपवू शकते’ अशी ओळख देते. चिप नसेल तर ॲडाप्टर ३ अँपिअरच्या पुढे जातच नाही. रस्त्यावरची दोन मीटरची बारीक केबल मात्र टाळा. तिच्यात वीज वाटेतच खर्च होते.

आता ज्याला खरंच घाबरायचं ते. दोन वर्षांपूर्वी मी एका स्टॉलवरून ‘१२० वॅट’ लिहिलेला ॲडाप्टर अडीचशे रुपयांना मुद्दाम घेतला. यूएसबी मीटर लावला तर साडेनऊ वॅट. हसून सोडून दिलं असतं, पण सवयीप्रमाणे उघडला. आपल्याकडचे २३० व्होल्ट आत गेल्यावर डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातात. ती बाजू आणि फोनकडची ५ व्होल्टची बाजू यांच्यात सर्किटवर काही मिलिमीटर मोकळी जागा सोडावीच लागते. या महाशयांच्यात दोन पट्ट्या एकमेकींना जवळजवळ चिकटल्या होत्या. पावसाळ्यातली ओल किंवा एखादी मुंगी आत गेली तर भिंतीतली वीज थेट फोनवर, आणि फोन कानाला लावलेला. ‘वॅट कमी मिळाले’ ही तिथे फार किरकोळ गोष्ट होती.

त्यावरून आठवलं. धातूच्या कडेच्या फोनला चार्जिंगवर असताना हात फिरवला की हलक्या मुंग्या आल्यासारखं वाटतं, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं. दोन पिनांच्या चांगल्या ॲडाप्टरमध्येही दोन्ही बाजू जोडणारा एक छोटा सुरक्षा कपॅसिटर असतो. त्यातून अतिशय थोडा करंट झिरपतो, त्याच्याने अंगाला काही होत नाही. पण मुंग्या नव्हे तर झटका म्हणावा असं वाटलं, तर तो ॲडाप्टर त्याच दिवशी कचऱ्यात टाका. कोणाला देऊन टाकू नका.

खरेदी करताना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण पाहा. फोनचे ॲडाप्टर आपल्याकडे सक्तीच्या नोंदणीत येतात. पोटावर ‘आयएस’ने सुरू होणारं मानक (बऱ्याच ॲडाप्टरवर आयएस १३२५२) आणि त्याजवळ ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. तो खरा की छापलेला, हे फोनवरच कळतं. बीआयएस केअर हे सरकारी ॲप उतरवून घ्या, त्यात आर क्रमांक तपासायची सोय आहे. क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव आणि वस्तूचा प्रकार येतो. नाव ॲडाप्टरवरच्या नावाशी जुळत नसेल, किंवा नोंद एलईडी दिव्याची निघाली, तर काय समजायचं ते समजा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान गाठा.

तुमच्या भाच्याने अमेरिकेहून ॲडाप्टर आणायची तयारी दाखवली आहे, असं शेवटी लिहिलंत. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर विजेचा प्रश्न नाही. प्रश्न पिनांचा आहे. तिकडच्या चपट्या पिनांना इथे कन्व्हर्टर लागतो. तो सॉकेटमध्ये ढिला बसला की ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक वितळतं. भाच्याला ॲडाप्टरऐवजी बदाम आणायला सांगा.

अकोल्याचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत दुपारी कुठल्याही ॲडाप्टरने फोन हळूच भरेल, कारण तापलेली बॅटरी वाचवायला फोन स्वतःच करंट कमी करतो. तेव्हा ॲडाप्टर बदलत बसू नका. कव्हर काढा, फोन पंख्याखाली फरशीवर ठेवा, नाहीतर सकाळी लवकर चार्ज करा. गादीवर किंवा उशीखाली चार्जिंगला लावू नका. बॅटरीचं आयुष्य खातो तो ताप, वॅटचा आकडा नव्हे.

नवा ॲडाप्टर घरी आणल्यावर बॅटरी ३०-४० टक्क्यांवर असताना लावा आणि लॉक स्क्रीनवर काय येतं ते वाचा. ‘सुपर फास्ट चार्जिंग’ आलं तर काम झालं. नुसतं ‘फास्ट चार्जिंग’ आलं तर आधी सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली सुपर फास्टचं बटण चालू आहे का पाहा, मग खोक्यातलीच केबल लावली आहे ना ते पाहा. दोन्ही ठीक असूनही ‘सुपर’ येत नसेल तर ॲडाप्टरमध्ये पीपीएस नाही. बिल जपून ठेवा आणि परत करायची मुदत संपायच्या आत बदलून घ्या. ॲडाप्टरच्या पोटाचा फोटो इथे टाकलात तर घेण्याआधीच बघून सांगेन.