पुढच्या वर्षी, गॅलरीत

प्रश्न : रास्ता पेठेत बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मैत्रिणीकडे मलिद्याच्या विधीला गेले होते. नंतर कोणीतरी हिब्रू गाणं लावलं. चाल इतकी खेळती, की आम्ही टाळ्यांचा ठेका धरला. तिच्या आजी मात्र डोळे पुसत होत्या. 'बशाना हबाआ' असे काहीसे शब्द होते. कोणाचं हे गाणं?
— एक वाचक, सोमवार पेठ

उत्तर : शब्द नीट ऐकलेत. 'बशाना हबाआ' म्हणजे 'पुढच्या वर्षी'. गीत एहुद मानोर यांचं, चाल नुरित हिर्श यांची.

मला हे गाणं शेजारच्या बेने इस्राएली मावशींनी समजावलं होतं, भाजी निवडता निवडता. 'मिर्पेसेत' शब्दाशी मी अडले. सज्जा म्हणू की सौध? मावशी म्हणाल्या, "अगं, गॅलरी! पुढच्या वर्षी गॅलरीत बसू आणि दूरदेशी निघालेले पक्षी मोजू." पुढे सुट्टी लागलेली पोरं घर आणि शेतांच्या मधे पकडापकडी खेळतात. एवढंच मागणं आहे.

मानोर 1941 साली बिन्यामिना गावात जन्मले. त्यांचा धाकटा भाऊ येहुदा 1968 मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याच्या आठवणीतून हे शब्द आले. गाण्यात मृत्यूचा उच्चारही नाही. पण ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलंय, त्या घरच्यांना विसर्जन घाटावर 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना पाहिलंत, की आजींचं कळेल. भावाचं नाव घेऊन मानोर यांनी वेगळं गाणंही लिहिलं, 'माझा धाकटा भाऊ येहुदा' अशा अर्थाचं.

त्यांची गाणी 1200च्या वर. 1978 साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकलेलं 'अबनिबि' त्यांचंच. आपल्याकडे पोरं 'च'ची भाषा बोलतात ना, तशी तिकडे 'ब'ची. प्रत्येक स्वरामागे 'ब' लावून तोच स्वर पुन्हा म्हणायचा : 'अनि' म्हणजे 'मी', त्याचं झालं 'अबनिबि'. शिवाय 'कॅबरे', 'हेअर', 'ले मिझेराब्ल' अशी संगीत नाटकं त्यांनी हिब्रूत आणली. गाणी लिहिणारा हात अनुवादात रमला, की काय होतं, हे शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' वाचलेल्यांना सांगायला नको. मानोर यांना 1998 मध्ये इस्राएल पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये ते गेले.

ठेका धरला म्हणून मनाला लावून घेऊ नका, चालच तशी आहे. पुढच्या खेपेला आजींजवळ बसा आणि येहुदाचं गाणं ऐकवायला सांगा.