ई-सायकलच्या बॅटरीला ‘हाय डिस्चार्ज’ सेलच घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकलला ४८ व्होल्टची हब मोटर (चाकातच बसणारी) बसवलीय, बॅटरीतून मोटरला करंट सोडणारा कंट्रोलर १८ अँपिअरचा आहे. कोल्हापुरात रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी जाऊन-येऊन, आणि एखाद्या रविवारी पन्हाळा. बॅटरी बांधून देणारा म्हणतोय की साधे सेल चढाला दम तोडतील, ‘हाय डिस्चार्ज’च, म्हणजे जास्त करंट देणारेच घ्या. त्याचा दर दीडपट. घ्यावेत का?

त्याला आधी एवढंच विचारा, पॅरलल किती घालणार, म्हणजे करंट वाटून घ्यायला किती सेल शेजारी-शेजारी जोडणार? चार म्हणाला तर महागडे सेल लागत नाहीत. दोन म्हणाला तर लागतील, पण मग गोकुळ शिरगावहून परत येताना पायडल मारायची तयारी ठेवा.

मी उद्यमनगरात पॅनेल वायरिंगची कामं करतो, सायकलींचे पॅक हौसेनं बांधतो. माझा पहिला पॅक लॅपटॉपच्या भंगारातल्या सेलचा होता, १३ सिरीज ३ पॅरलल, म्हणजे तीन-तीन सेलांचे तेरा गट एकापुढं एक. गावात झकास पळाला. रविवारी वाघबीळ मागं टाकून पन्हाळ्याच्या चढाला लागलो आणि डिस्प्ले अर्धी बॅटरी दाखवत असताना मोटर बंद. पंधरा मिनिटं कठड्यावर बसलो, चालू केली, पुन्हा अर्धी बॅटरी. दोनशे मीटर गेलो, पुन्हा बंद. उरलेला घाट सायकल ढकलत चढलो आणि वर पोचेपर्यंत तीन ओळखीच्या गाड्यांनी हॉर्न मारून घेतला.

बॅटरी संपली नव्हतीच. प्रत्येक सेलला आतला स्वतःचा रोध असतो. करंट ओढला की त्या रोधापायी व्होल्टेज बसतं, म्हणजे खाली येतं. १३ सिरीजचा पॅक पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट असतो, निम्म्याच्या खाली ४६-४७ वर येतो. त्यातून चढावर आणखी पाच-सहा व्होल्ट बसले की कंट्रोलरला वाटतं बॅटरी रिकामी झाली, आणि तो मोटर तोडतो. भार सुटला की व्होल्टेज परत वर. म्हणजे सेल निवडताना खरा प्रश्न ‘किती अँपिअर देतो’ एवढाच नाही. ‘देताना किती बसतो’ हा त्याहून मोठा आहे.

आता तुमच्या १८ अँपिअरचं गणित करू. दोन ओळखीचे १८६५० सेल घेतो. सॅमसंगचा ३५ई: क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास (१००० एमएएच म्हणजे एक अँपिअर-तास), सलग ८ अँपिअर. त्याच कंपनीचा २५आर: २५०० एमएएच, पण सलग २० अँपिअर. डबी दोघांची एकच, १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. हाय डिस्चार्ज सेलमध्ये इलेक्ट्रोडवरचा लेप पातळ ठेवतात, त्यामुळे फॉइलला जास्त जागा मिळते. करंटला वाट रुंद होते आणि तेवढाच साठवणारा माल कमी बसतो. फुकटात काही मिळत नाही. भाराखालचा रोध ३५ईचा साधारण ४० मिलिओहम धरा, २५आरचा साधारण २०.

३५ई चार पॅरलल लावले तर प्रत्येक सेलवर साडेचार अँपिअर येतात. अख्ख्या पॅकचा रोध ०.१३ ओहम. १८ अँपिअरला २.३ व्होल्ट बसतात, आणि ४२ वॅट उष्णता ५२ सेलांत वाटली जाते, म्हणजे सेलमागं एक वॅटही नाही. आता २५आर दोनच पॅरलल लावा. रोध पुन्हा ०.१३ ओहम, बसणारे व्होल्ट तेवढेच, उष्णताही तेवढीच, फक्त ती २६ सेलांत. पण पहिल्या पॅकमध्ये चौदाच्या आसपास अँपिअर-तास आहेत आणि दुसऱ्यात पाच. चढावर दोन्ही सारखेच वागतात, घरी मात्र एकच पोचतो.

म्हणून माझं मत असं, की फ्रेममध्ये जागा असेल तर हाय डिस्चार्जचे जादा पैसे जादा सेलांत घाला. पॅरलल वाढवलं की करंट वाटला जातो आणि अंतरही वाढतं. डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) बसणाऱ्या मोठ्या प्लास्टिक केसमध्ये ५२ सेल सहसा बसतात. हाय डिस्चार्जचा खरा उपयोग जागा नसेल तिथं: सीटखालची छोटी पिशवी, घडीची सायकल, किंवा ३०-४० अँपिअरचा कंट्रोलर लावून कुणी सायकलचा घोडा केला असेल तर. नादच असेल तर ४५ अँपिअरवाले मोलिसेल कंपनीचे २१७०० (थोड्या मोठ्या आकाराचे) सेलही मिळतात, पण तुमच्या १८ अँपिअरला ते म्हणजे भाकरी भाजायला भट्टी पेटवल्यासारखं होईल.

मधला रस्ताही आहे. सॅमसंगचा ३०क्यू किंवा त्या वर्गातला सेल: ३००० एमएएच, सलग १५ अँपिअर. तुमच्यासारखं रोजचं एमआयडीसी आणि अधूनमधून पन्हाळा असेल तर मी १३ सिरीज ४ पॅरललमध्ये हेच घालीन. बारा अँपिअर-तास मिळतात आणि दोन वर्षांनी सेल म्हातारे होऊन रोध वाढला तरी घाटात मान टाकत नाहीत. कागदावर जेवढे सलग अँपिअर लिहिलेत त्याच्या निम्म्याच्या आसपासच पॅक चालला पाहिजे, हा माझा ठोकताळा. ३५ई तीन पॅरललला ६ अँपिअर देईल, ८ च्या आत आहे, म्हणून बांधणारा ‘चालतंय की’ म्हणेल. चालतं, पण तीन व्होल्टच्या वर बसतात आणि सेल तापतात.

पन्हाळ्याला किती बॅटरी लागेल याचाही लोक उगाच धसका घेतात. माणूस आणि सायकल मिळून १०५ किलो धरले तर दर १०० मीटर उंचीला जेमतेम २९ वॅट-तास लागतात. मोटरमधली गळती धरून ४० म्हणा. बारा अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये साडेपाचशेच्या वर वॅट-तास असतात. म्हणजे ऊर्जा भरपूर आहे, अडचण ती सलग दहा-पंधरा मिनिटं पूर्ण करंटनं ओढण्याची. त्यामुळं दुकानदार ‘पीक’ अँपिअर सांगायला लागला की त्याला थांबवा. पीक म्हणजे काही सेकंद. घाट काही सेकंदांत संपत नाही.

आणि हो, मोटरवर २५० वॅट लिहिलंय म्हणून ती २५०च ओढते असं नाही. ४८ गुणिले १८ म्हणजे ८६० वॅटपर्यंत बॅटरीतून जाऊ शकतात. नोंदणीतून सूट मिळायला मोटरची तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असावा लागतो, तेवढं ध्यानात असू द्या.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. तुम्हाला जो सेल ‘हाय डिस्चार्ज’ म्हणून देतील तो तसा असेलच असं नाही. दुसऱ्या पॅकला मी एकाकडून गुलाबी वेष्टनातले ‘३००० एमएएच, २० अँपिअर’ सेल घेतले. वेष्टन नवं कोरं, आत जुना माल. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून पाच सुटे सेल आणून मोजल्याशिवाय ऑर्डर देत नाही. आधी वजन: चांगला १८६५० साधारण ४५ ते ४९ ग्रॅम भरतो, ३५-३८ भरला तर तिथंच परत करा. १८६५० वर ४००० च्या वरचा आकडा छापलेला दिसला तर वजन करायचेही कष्ट घेऊ नका.

मग भार लावून बघायचं. १ ओहमचा २५ वॅटचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढंच लागतं. भरलेल्या सेलचं व्होल्टेज बघा, समजा ४.१०. रेझिस्टर लावून दहा सेकंदांनी पुन्हा बघा. मीटरच्या पिना थेट सेलच्या टोकांवर टेकवा, वायरवर नाही, नाहीतर वायरीचाच रोध मोजत बसाल. ३.९४ दाखवलं तर ०.१६ व्होल्ट बसले आणि करंट ३.९४ अँपिअर. भागाकार केला की ४० मिलिओहम. हा साधा सेल. ४.०२ दाखवलं तर २० मिलिओहम, हा खरा हाय डिस्चार्ज. ‘हाय डिस्चार्ज’ म्हणून दिलेला ६० दाखवत असेल तर दुकानदाराला चहा पाजून नमस्कार करा. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर ठेवा. माझ्या बेंचच्या सनमायक्यावर अजून डाग आहे.

‘३सी’, ‘५सी’ असं सांगतात त्याचा अर्थ क्षमतेच्या तेवढी पट. २६०० एमएएचचा ३सी सेल म्हणजे ७.८ अँपिअर. असे चिनी ३सी सेल चार पॅरललला तुमच्या कामाला चालतील, मात्र पाचही नमुने एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक २५ मिलिओहम आणि दुसरा ४५ असेल तर ती लॉट सोडा.

सेल भारी घेऊन ते एकमेकांना जोडणारी पट्टी हलकी लावली तर सगळं पाण्यात. शुद्ध निकेलच्या नावाखाली निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास मिळते. तिचा रोध जवळजवळ दुप्पट, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजते ती वेगळीच. तुकडा घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाका, सकाळी तांबूस झाला तर लोखंड. जोड स्पॉट वेल्डिंगचाच हवा, सेलला सोल्डर नको. बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) सलग २५-३० अँपिअरचा, आणि पॉझिटिव्हला ३० अँपिअरचा फ्यूज. हाय डिस्चार्ज सेल घेतलेत तर फ्यूज विसरूच नका, कारण शॉर्ट झाल्यावरही ते तितक्याच उदारपणे देतात. पहिला पॅक असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवून बांधा.

वजनाचं काही वाटत नसेल तर एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेटचे) जाड ३२७०० सेलही बघा. १६ सिरीज २ पॅरलल, १२ अँपिअर-तास. टिकायला भक्कम, आगीचा धोका कमी, पण साडेचार किलोच्या आसपास भरतात आणि चार्जर ५८.४ व्होल्टचा वेगळा लागतो. मालाची ने-आण करणाऱ्या सायकलीला मी हेच सुचवतो, तुम्हाला नाही.

बांधणाऱ्याकडे जायच्या आधी कंट्रोलरवरचं लेबल एकदा पुसून नीट वाचा. काहींवर ठळक अक्षरांत १८ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत कमाल २२. तसं निघालं तर वरच्या सगळ्या गणितांत १८ च्या जागी २२ घाला.