जाळीच्या दारातून डास येतो कुठून?

प्रश्न : चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुख्य दार आत उघडतं, त्याच्या बाहेर जाळीचं दार लावायचंय. फॅब्रिकेटर फायबरची जाळी पुरे म्हणतो, शेजारी स्टीलचीच घ्या म्हणतात. माप कसं द्यायचं?
(एक वाचक, इंदिरानगर)

जाळीचं आधी उरकून टाकू. डासांसाठी 18 बाय 16 ची जाळी पुरते. म्हणजे इंचभरात एकीकडून 18 आणि दुसरीकडून 16 धागे, आणि मधलं भोक साधारण 1.2 मिमी. फायबरची जाळी स्वस्त, गंजत नाही, पण मांजराच्या नखापुढे आणि उंबरठ्यावर लावलेल्या उदबत्तीपुढे टिकत नाही. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर शेजाऱ्यांचं ऐका आणि 304 (न गंजणाऱ्या स्टीलचा एक प्रकार) मागा. दुकानात लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर ती 304 नव्हे.

खरा घोळ मापात होतो. चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. समजा 912, 908 आणि 910 मिमी आली, तर 908 धरायची. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक सूत, म्हणजे 3-3 मिमी सोडलं की दार 902 मिमीचं. उंचीही तीन ठिकाणी मोजा, सगळ्यांत कमी भरेल तिच्यातून वर 3 आणि खाली 6 मिमी वजा करा. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घ्या. त्यांत 4 मिमीपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर चौकट गुण्यात (काटकोनात) नाही. फॅब्रिकेटरला सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहून द्या. ‘तीन फूट एक सूत कमी’ हे तोंडी सांगितलं की हमखास चुकतं.

आणखी एक माप बहुतेक जण विसरतात. मुख्य दार बंद करून त्याचं हँडल, कडी-कोयंडा बाहेर किती येतो ते पाहा. गावाला जाताना बाहेरून कुलूप लावत असाल तर ते अडकवूनच मोजा. जे येईल त्यात 10 मिमी मिळवा. दोन दारांमध्ये किमान तेवढी जागा हवी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुलूप जाळीला भोक पाडेल. बिजागऱ्या मुख्य दाराच्या ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला ठेवा, म्हणजे हातात पिशव्या असताना तारांबळ होत नाही. आणि दार पॅसेजमध्ये उघडणार, तेव्हा ते जिन्याची किंवा लिफ्टची वाट अडवत नाही ना, हे ऑर्डर देण्याआधी बघा.

प्रश्न : चांगली जाळी बसवली, तरी संध्याकाळी डास येतातच. जाळी बदलावी का?
(एक वाचक, गंगापूर रोड)

बदलू नका. अंधार पडल्यावर घरातले दिवे लावा, बाहेरचा दिवा बंद करा, मुख्य दार उघडं ठेवून जाळीचं दार लावा आणि बाहेर उभे राहा. जाळीतून उजेड दिसणारच, तुम्ही कडा बघा. जिथे उजेडाची सरळ रेघ दिसते तिथून डास येतो. बहुतेक वेळा ती रेघ खाली असते, कारण ग्रॅनाइटचा उंबरठा क्वचितच समपातळीत असतो. दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी स्क्रूने लावा. केस उंबरठ्याला जेमतेम टेकले पाहिजेत. दाबून बसवले तर वाकतात आणि दार पुरतं मिटत नाही. कडीच्या बाजूला फट असेल तर वर आणि खाली एकेक मॅग्नेट कॅच लावा. एकच मधोमध लावला की वरचा आणि खालचा कोपरा उघडा राहतो.

आणि दार फक्त दिवेलागणीला लावायचं नसतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

प्रश्न : जुन्या वाड्यातली सागाची चौकट एका बाजूला झुकलीय. सुतार म्हणतो, दारच तिरकं करून बसवतो.
(एक वाचक, पंचवटी)

तसं करू नका. दार तिरकं केल्यानं फट बुजेल, पण बिजागऱ्या ओळंब्यात (सरळ उभ्या रेषेत) नसतील तर दार आपोआप उघडेल किंवा धाडकन आपटेल. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना इंच बाय दोन इंचाच्या पट्ट्या लावा. मागच्या पोकळीत लाकडी पाचरी सारून पट्टी ओळंब्यात आणा आणि स्क्रू पाचरीतूनच पलीकडे न्या. पाचर सोडून नुसत्या पोकळीत स्क्रू आवळला तर पट्टी तिथेच आत ओढली जाते. जुना साग कडक असतो, तेव्हा आधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. वर मात्र पट्टी लावू नका. वाड्याच्या दारात आधीच वाकून जावं लागतं, त्यात आणखी एक इंच कशाला घालवायचा? तिथे दार टेकायला पातळ गोळा, म्हणजे बारीक गोलसर कडपट्टी, पुरते.

प्रश्न : लाकडी जाळीचं दार जुलैत अडकायला लागलं. रंधा मारून घेऊ का?
(एक वाचक, नाशिकरोड)

आधी कुठे घासतंय ते बघा. कडीच्या बाजूची कड वरपासून खालपर्यंत घासत असेल तर लाकूड फुगलंय. तेव्हा रंधा मारलात तर हिवाळ्यात लाकूड आकसेल आणि तीच कड डासांना वाट देईल. दिवाळीनंतर, दार सुकल्यावर फट मोजा. चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की 3 मिमी होतात, ती सहज सरकली तर हात लावू नका. त्याऐवजी दार उतरवून खालची कड तपासा. सुतार समोरून रंग देतो, खालची कड कोरडीच राहते, आणि उंबरठ्यावरचं पाणी तिथूनच लाकडात मुरतं. त्या कडेला ऑइलपेंटचे दोन हात द्या.

फक्त कडीकडचा खालचा कोपरा घासत असेल आणि वरची फट कडीकडे रुंदावत असेल, तर दार लोंबलंय. बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असतात. ते काढून भोकात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या (गूल काढून) ठोका, रात्रभर सुकू द्या, मग स्क्रू पिळा. तेवढ्यानं भागलं नाही तर दाराचे सांधे सुटलेत. तिरकी तार आणि घट्ट करायचा टर्नबकल लावा, पण तार वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून खालच्या कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवी, म्हणजे ती लोंबलेला कोपरा वर ओढते. तारेऐवजी लाकडी आडणी (तिरकी पट्टी) लावायची असेल तर उलट: खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे, कारण लाकूड ओढत नाही, रेटतं. हे उलटसुलट झालेली दारं सर्रास दिसतात.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, भोकं पाडायची नाहीत. चुंबकाचा पडदा चालेल?
(एक वाचक, सिडको)

चालेल. मुख्य दार आत उघडत असेल तर पडदा चौकटीच्या बाहेरच्या तोंडावर लावा, पोकळीत नको. चौकट कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसून चिकटपट्टी ऑइलपेंटवरच चिकटवा. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलीत तर घर सोडताना रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येईल.