चाळीसगावजवळच्या जुन्या, सोडून दिलेल्या फळबागेत पायी जाऊन येता येतं का?

तुम्ही विचारलंय, की पाटणादेवीच्या डोंगरांकडे सोडून दिलेल्या जुन्या फळबागा आहेत असं ऐकलं, तर एका दिवसात पायी जाऊन येता येईल का आणि झाडांवर फळं मिळतील का. जाऊन येता येईल. फळांचं मात्र खाली सांगतो. अशा एका बागेत मी चार-पाच वेळा गेलोय. ती माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी लावली होती, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. देवीच्या आसपासचं रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. 1986 पासून ते अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय शिरू नका, आणि आत गेलात तर एक सीताफळसुद्धा तोडू नका. मी म्हणतोय त्या बागा हद्दीबाहेर, डोंगराच्या पायथ्याच्या गावांच्या शिवारात आहेत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मामांनी तसं बजावलंय, कारण मागे कुणीतरी येऊन वाळलेल्या झाडांबरोबर दोन जिवंत झाडंही सरपणाला तोडून नेली. रान पडीक दिसलं तरी सातबाऱ्यावर कुणाचं तरी नाव असतं. गावात पारावर एखादे म्हातारे बाबा बसलेले असतील, त्यांना विचारा, 'मोसंबीचा मळा कोणता होता?' झाडं गेली तरी मळ्याचं नाव लोकांच्या तोंडी राहतं. मग ज्यांचं रान आहे त्यांना विचारा आणि गावातलंच कुणीतरी सोबत घ्या. गावापासून तास-दीड तासाची चाल आहे. आधी गाडीवाट, मग नाल्याच्या काठाने पायवाट.

1972 च्या दुष्काळाने या बागा मोडल्या. गिरणा नदीचं पाणी पाटाने खालच्या रानांना मिळालं, डोंगराकडच्या या उंच रानाला ते कधी चढलंच नाही. इथे सगळी मदार विहिरीवर, आणि विहीर काळ्या पाषाणात. आई तेव्हा दहा वर्षांची होती. ती सांगते, की शेवटी शेवटी विहिरीच्या तळातून घागरीने पाणी काढून एकेका आळ्यात ओतत होते, आणि आज कोणत्या ओळीला द्यायचं हे आजोबा सकाळी ठरवायचे. मोसंबीला बहार धरायचा असला की मुद्दाम पाणी तोडून ताण देतात, पानं गळू देतात आणि मग पाणी सोडून ताण तोडतात. त्या वर्षी ताण बसला, तो तोडायला पाणीच नव्हतं.

आता तिथे काय बघायचं ते सांगतो. पहिल्यांदा गेलात तर नुसती झुडपं दिसतील, बोरी, बाभळी, सीताफळी. जरा थांबा आणि पावलं मोजा. मोसंबी साधारण 6 बाय 6 मीटरवर लावतात, म्हणजे माझ्या आठ पावलांवर एक झाड. आठ पावलं टाकली की गवतात एक उथळ गोल खळगा लागतो. ते जुनं आळं. पुढे आठ पावलांवर दुसरं. चार-पाच आळी सापडली, की अख्खी ओळ डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ओळीच्या टोकाला पाण्याचा दंड, म्हणजे छोटा पाट, कुठून यायचा तेही कळतं. तसंच मागे गेलात तर मोटेची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल चालायचे तो उतार, आणि मोटेचं पाणी जिथे पडायचं ते दगडी थारोळं लागेल. थारोळ्याच्या कडेला सोल, म्हणजे मोटेचा दोर, घासून पडलेली खाच आहे. तिच्यात माझी तीन बोटं बसतात.

नाल्याच्या बाजूच्या ओळीत अजून सहा-सात झाडं हिरवी आहेत. पहिल्यांदा ती पाहून मला फार आनंद झाला, वाटलं आजोबांची मोसंबी जगली. मामांनी काही न बोलता मला खाली बसवलं आणि बुंध्यावरचं गवत बाजूला केलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंध्याला एक गाठ होती, डोळा भरलेली, म्हणजे कलम जोडलेली जागा. गाठीच्या वरचा भाग वाळून पोकळ झालेला, बोटाने दाबला तर भुसा पडत होता. आणि गाठीच्या खालून, खुंटातून, मनगटाएवढ्या तीन फांद्या वर आलेल्या, इंचा-इंचाचे काटे असलेल्या. मोसंबीचं कलम जंभेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर बांधतात. कलम मेलं, खुंट जगला. झाडाला पिवळी, जाड खरबरीत सालीची, टोकाला बोंड आलेली फळं होती. ही जंभेरी, कडक आंबट. तेव्हा मोसंबी खायच्या आशेने जाऊ नका. सीताफळं मात्र मिळतात. त्यांना पाणी लागत नाही आणि शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ती रान धरून राहिली. पण ती पाड्यावरच्या बाया टोपलीत भरून बाजारात नेतात, त्यांच्या चार पैशांचा आधार आहे. खायची असतील तर त्यांच्याकडूनच विकत घ्या.

सगळ्यात मोठा धोका विहिरीचा. कठडा नाही आणि तोंडावर घाणेरीची झुडपं पसरलेली. एकदा सरळ चालताना माझ्या पायाखालचा दगड सुटला, आणि त्याचा टक्क आवाज इतक्या उशिरा आला, की मी जागच्या जागी बसलो. तेव्हापासून पुढे काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. लहान मुलं नेऊच नका. आग्या मोहोळ दिसलं तर विडी-सिगारेट, धूर, आरडाओरडा काही नको. बिबट्याचा वावर आहे, म्हणून दुपारी तीनला परत फिरा.

कधी जावं? दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. पावसाळ्यात नाला अडवतो, आणि चैत्र-वैशाखात या रानात सावली म्हणून नाही. दिवाळीच्या सुमारास कुसळ असतं, पायात जाड पँट आणि बूट हवेत. खाजकुहिलीच्या शेंगांना हात लावू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. मागच्या खेपेला वाटेत एका गुराख्याने आमच्या पिशव्या बघून अहिराणीत विचारलं, 'कथा चालनात भो?' म्हणजे कुठे चाललात भाऊ? मळ्यात म्हणताच तो म्हणाला, 'तठे पानी नही शे,' आणि त्याच्या कॅनमधलं अर्धं पाणी आमच्या बाटलीत ओतलं.

त्या दिवशी मामांनी जंभेरीची पाच फळं तोडून रुमालात बांधून दिली. आईने घरी आल्यावर आधी एक फळ नखाने खरवडून कितीतरी वेळ हुंगलं. बाकी चारांचं तिने लोणचं घातलं, मीठ आणि थोडा गूळ, तिखट अगदी कमी. बरणी अजून संपलेली नाही.